प्रकल्प नोंदी: वेगळी बस, पण कशापासून वेगळी?

प्रकल्प: सर्व्हर हार्डवेअरची मराठी पुस्तिका. प्रकरण ४, एक्स्पान्शन बस, म्हणजे जास्तीची कार्डं ज्या तारांवरून प्रोसेसर-मेमरीशी बोलतात त्या. इथे मुख्यतः पीसीआय जातीच्या.
वाचक: आमच्या प्रशिक्षण केंद्रात हार्डवेअर-नेटवर्किंग शिकणारी मुलंमुली. बहुतेक मराठवाड्यातली, बारावी किंवा आयटीआय करून आलेली.

११ नोव्हेंबर २०२४

तिसरं प्रकरण संपलं. चौथं आठवड्यात आटपेल असा अंदाज होता. पहिलंच वाक्य लिहिलं, "सर्व्हरमध्ये साध्या संगणकापेक्षा जास्त, वेगवेगळ्या पीसीआय बस असतात," आणि दुपारच्या वर्गात वाचून दाखवलं. मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, वेगळ्या म्हणजे कशापासून वेगळ्या?"

सर्व्हर उघडलेला होता. दोन पेन्टियम थ्री, सर्व्हरवर्क्सचा चिपसेट, मदरबोर्डवर चार छोटे आणि दोन लांब स्लॉट. मी हात करून दाखवलं की हे चार एका बसवर आणि हे दोन दुसऱ्या. ती म्हणाली, "ते दिसतंय. पण दुसरी बस पहिलीतून निघाली की कुठून?"

प्रश्न नेमका आहे. माझं वाक्य त्याला उत्तर देत नाही. आज पुढे काहीच लिहिलं नाही.

१३ नोव्हेंबर

आधी कारणं मांडून घेतो, शब्दांचं नंतर बघू.

पीसीआयचं पहिलं स्पेसिफिकेशन इंटेलने १९९२ मध्ये आणलं. ३२ बिट, ३३ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १३३ मेगाबाइट. ही क्षमता त्या बसवरच्या सगळ्या कार्डांनी मिळून वापरायची. घरच्या संगणकाला ती पुरून उरायची. सर्व्हरमध्ये एक गिगाबिट नेटवर्क कार्ड एका दिशेनेच १२५ मेगाबाइट मागतं आणि अल्ट्रा १६० स्कझी कंट्रोलर (हार्ड डिस्क जोडायचं कार्ड) १६०. ही दोन कार्डं एका बसवर बसवली की हिशेब तिथेच तुटतो.

दुसरं कारण विजेचं, आणि मुलांना ते सहसा कोणी सांगत नाही. पीसीआय बसच्या तारा सगळ्या स्लॉटना समाईक असतात. प्रत्येक जोड त्या तारांवर भार टाकतो. ३३ मेगाहर्ट्झला साधारण दहा भार चालतात, आणि स्लॉट अधिक त्यातलं कार्ड मिळून दोन भार धरतात. मदरबोर्डवरच्या चिपांचेही भार असतात. त्यामुळे एका बसवर तीन-चार स्लॉट झाले की संपलं. घड्याळ ६६ मेगाहर्ट्झवर नेलं तर दोनच स्लॉट. आठ स्लॉटचा सर्व्हर बनवायचा तर बँडविड्थचा विचार बाजूला ठेवला तरी एकापेक्षा जास्त बस लागतातच.

त्या मिळवायच्या वाटा दोन. एक, आहे त्या बसवर पीसीआय-टू-पीसीआय ब्रिजची (दोन बस जोडणारी) चिप लावायची आणि तिच्या पलीकडे नवी बस काढायची. दोन, प्रोसेसरच्या बाजूनेच दुसरा होस्ट ब्रिज (प्रोसेसर-मेमरीला पीसीआय बसशी जोडणारा) द्यायचा आणि त्याची स्वतःची बस काढायची. पेन्टियम प्रोच्या काळात इंटेलच्या ४५०जीएक्स चिपसेटमध्ये असे दोन पीसीआय ब्रिज लावता येत. १९९८ च्या ४५०एनएक्समध्ये दोन एक्स्पान्डर ब्रिज आणि प्रत्येकातून ३२ बिटांच्या दोन बस, अशा चार बस निघू शकत. कॉम्पॅकने याच रचनेला "ड्युअल पीअर पीसीआय" (दोन बरोबरीच्या पीसीआय बस) म्हटलं आणि ते नाव सर्व्हरवाल्यांच्या तोंडी बसलं.

दोन्ही वाटांनी मिळालेल्या बसला लोक "वेगळी बस" म्हणतात. घोटाळा इथे आहे.

१४ नोव्हेंबर

हाताशी असलेल्या इंग्रजी मॅन्युअलमधली नावं गोळा केली. पीअर, ड्युअल, इंडिपेन्डन्ट, सेग्मेंट, बस ए आणि बस बी, प्रायमरी आणि सेकंडरी.

शेवटची जोडी घातक आहे. ब्रिजच्या स्पेसिफिकेशनमध्ये प्रायमरी म्हणजे ब्रिजच्या प्रोसेसरकडच्या अंगाची बस आणि सेकंडरी म्हणजे पलीकडची. हे शब्द ब्रिजच्या रजिस्टरांची नावं आहेत. हेक्स १८ वर प्रायमरी क्रमांक, १९ वर सेकंडरी, १ए वर सबऑर्डिनेट. पण माझ्यासमोरच्या एका मॅन्युअलमध्ये पीअर रचनेतल्या दुसऱ्या बसलाच "सेकंडरी" म्हटलं आहे. ती कुठल्याच पीसीआय-टू-पीसीआय ब्रिजच्या पलीकडे नाही. एकच शब्द आणि दोन अगदी उलट रचना. मराठीत "प्राथमिक" आणि "दुय्यम" असं केलं असतं तर हा घोटाळा आपणही उचलला असता. दोन्ही शब्द यादीतून बाद.

१९ नोव्हेंबर

आज प्रयोग. चार पोर्टांचं जुनं फास्ट इथरनेट कार्ड लांब स्लॉटमध्ये बसवलं. त्याला ५ आणि ३.३ व्होल्टच्या दोन्ही खाचा आहेत म्हणून ते तिथे बसतं. कार्डावर मधोमध एक ब्रिज चिप आहे आणि तिच्यामागे चार नेटवर्क चिपा.

लिनक्स सुरू करून एलएसपीसीआय (पीसीआय उपकरणांची यादी दाखवणारी आज्ञा) चालवलं. बस ००, बस ०१, बस ०२. मुलांनी लगेच वहीत लिहिलं: "एकूण तीन बस."

आकडा चुकीचा नाही. पण "म्हणजे आता तीन वेगळ्या वाटा झाल्या" असं एकजण म्हणाला, आणि तिथे थांबवावं लागलं. ०२ ही बस कार्डाच्या पोटात आहे. तिच्यावरच्या चारही पोर्टांचा सगळा माल ०१ वरूनच जातो. क्रमांक नवा मिळाला, तारा नव्या मिळाल्या, विजेचा भारही वेगळा झाला. वाट मात्र जुनीच राहिली.

म्हणजे "वेगळी" या एका शब्दात निदान तीन गोष्टी दडल्या आहेत: तारा वेगळ्या, क्रमांक वेगळा, मेमरीपर्यंतची वाट वेगळी. ब्रिजपलीकडच्या बसला पहिल्या दोन मिळतात, तिसरी मिळत नाही. पीअर बसला तिन्ही मिळतात. पुस्तिकेतल्या शब्दाने हा फरक दाखवलाच पाहिजे. नाहीतर तो शब्द कितीही शुद्ध असला तरी आमच्या कामाचा नाही.

(एक बारीक नोंद: हे कार्ड लावल्यावर शेजारच्या रेड कार्डाच्या (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या) सुरुवातीच्या पडद्यावर ६६ ऐवजी ३३ मेगाहर्ट्झ दिसलं. नंतर बघायचं.)

२० नोव्हेंबर

तेच कार्ड लांब स्लॉटमधून काढून छोट्या स्लॉटमध्ये, म्हणजे बस ०० वर बसवलं. मशीन सुरू झालं आणि रेड कार्डाचा पत्ता बदलला. काल ते ०१ वर होतं, आज ०२ वर. त्याला कोणी हातही लावलेला नव्हता.

कारण सरळ आहे. ब्रिज आपल्या खालच्या क्रमांकांची सलग पट्टी सांभाळतो, सेकंडरीपासून सबऑर्डिनेटपर्यंत. बायोस शून्यापासून निघतो, वाटेत ब्रिज लागला की त्याच्या मागच्या बसला पुढचा क्रमांक देतो, आणि शून्याखालचं सगळं संपल्यावर दुसऱ्या पीअर बसकडे वळतो. त्यामुळे ०१ कार्डाच्या पोटातल्या बसला गेला आणि पीअर बस ०२ झाली.

पूर्वी एका ग्राहकाकडे मी याच गोष्टीवर अख्खी रात्र घालवली होती. एक कार्ड वाढवलं, आणि पत्ता पक्का लिहून ठेवलेली फाइल चुकीच्या कार्डाकडे बोट दाखवायला लागली. तेव्हा मी कार्डावर संशय घेतला होता.

पुस्तिकेसाठी नियम: बसचा क्रमांक हे तिचं नाव नाही. "बस १" असं लिहायचं नाही. स्लॉटचा छापील क्रमांक लिहायचा आणि ती बस कुठून निघते ते लिहायचं.

२४ नोव्हेंबर, रविवार

पैठणला घरी. आप्पा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ओट्यावर बसलं की बोलणं कालव्यावरच येतं. मी वहीतली आकृती काढत बसलो होतो. त्यांनी विचारलं, "काय रे हे, चाऱ्या काढतोस का?"

मी समजावलं. ही मेमरी, इथून दोन बस निघतात, आणि ही तिसरी या बसमधून फुटते. त्यांनी चष्मा लावला, आकृती नीट पाहिली आणि म्हणाले, "मग हे दोन कालवे आहेत आणि ही चारी आहे. धरणातून उजवा आणि डावा असे दोन कालवे निघतात. दोघांची दारं वेगळी. उजव्यात कितीही पाणी सोडलं तरी डाव्याची वहनक्षमता कमी होत नाही. चारीचं तसं नसतं. चारीला दार असतं, नंबर असतो, नकाशावर नाव असतं, पण कालव्यात जेवढं आहे त्यातलंच तिला मिळतं. टेलच्या, शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला विचार."

जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा, उजवा १३२. आप्पांना दोन्ही पाठ आहेत.

मी विचारलं, "आप्पा, दोन कालवे लांबीला सारखे नाहीत, मग त्यांना बरोबरीचे म्हणायचं का?" ते म्हणाले, "बरोबरीचे कशाला? एकाच धरणाचे म्हण."

वहीत हे वाक्य चौकटीत लिहून ठेवलं.

२७ नोव्हेंबर

शब्दांची बैठक. आम्ही तिघं: मी, नेटवर्किंग शिकवणाऱ्या मॅडम आणि पुस्तिकेचं मराठी तपासणारे सर. अडीच तास लागले.

"समांतर बस" आधीच बाद. पीसीआय स्वतःच समांतर जातीची बस आहे, एकावेळी ३२ किंवा ६४ बिट शेजारशेजारच्या तारांवरून नेणारी. पुढच्या प्रकरणात सिरियलच्या विरुद्ध म्हणून समांतर हा शब्द लागणारच आहे.

"स्वतंत्र बस" यावर मॅडमचा भर होता. मी १९ तारखेची वही दाखवली. मुलांनी ब्रिजपलीकडच्या बसलाही स्वतंत्रच म्हटलं होतं. पाटी वेगळी दिसली की शब्द लागू होतो. मॅडमनी मान्य केलं.

"समकक्ष" हा सरांचा शब्द. पीअर या इंग्रजी शब्दाला तो नेमका बसतो, आणि अडचण तीच आहे. आमच्याच मशीनमध्ये एक बस ३२ बिट ३३ मेगाहर्ट्झची आहे, म्हणजे १३३ मेगाबाइट, आणि दुसरी ६४ बिट ६६ मेगाहर्ट्झची, म्हणजे ५३३. चौपट फरक. कामातही बरोबरी नाही. ४५०जीएक्समध्ये एका ब्रिजला कम्पॅटिबिलिटी आणि दुसऱ्याला ऑक्झिलरी म्हणत, कारण बायोस आणि जुनी उपकरणं पहिल्याच्याच मागे असायची. "समकक्ष" वाचून मुलगा कुठल्याही स्लॉटमध्ये कार्ड बसवेल. पीअरमधली बरोबरी जागेची आहे, ताकदीची नाही.

मग आप्पांचं वाक्य सांगितलं. सर थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग चारीला मराठीत उपसर्ग तयारच आहे. पोट. पोटकलम, पोटभाडेकरू, पोटनियम. पोटबस म्हणा."

पोटबस! ऐकताक्षणी पटला. पोटभाडेकरूचा करार घरमालकाशी नसतो, भाडेकरूशी असतो. ब्रिजपलीकडच्या बसचंही तसंच, तिचा मेमरीशी थेट संबंध नाही.

होस्ट ब्रिजमधून थेट निघणारी ती "मूळबस". लिनक्सही तिला रूट बस म्हणतो, त्यामुळे पडद्यावरचं आणि पुस्तिकेतलं जुळतं. दोन मूळबसांचं आपसातलं नातं सांगायचं तर "भावंडं". थोरल्या-धाकट्याच्या ताकदीत फरक असला तरी आईबाप एकच. ब्रिज, स्लॉट, कार्ड, बायोस हे शब्द तसेच ठेवले. दुकानात कोणी सेतू मागत नाही.

२ डिसेंबर

रेड कार्डाचं कोडं सुटलं. पीसीआय स्लॉटमध्ये बी ४९ या जागी एम६६ईएन नावाची पिन असते. ३३ मेगाहर्ट्झचं कार्ड ती पिन जमिनीला जोडतं, मग अख्ख्या बसचं घड्याळ ३३ वर येतं. आमचं चार पोर्टांचं कार्ड तसलं जुनं. लांब स्लॉटमध्ये ते बसलं आणि शेजारच्या रेड कार्डाची कमाल मर्यादा ५३३ वरून २६६ झाली. भावंड मूळबसला काहीच झालं नाही.

म्हणजे वेगळेपणाची चौथी गोष्ट घड्याळ. एका बसवरची कार्डं एका घड्याळावर चालतात आणि सगळ्यात मंद कार्ड ते ठरवतं. पीसीआयची पुढची वेगवान आवृत्ती पीसीआय-एक्स, तिच्यातही हेच आहे. शिवाय विजेच्या भारामुळे तिथे १३३ मेगाहर्ट्झला एका बसवर एकच स्लॉट देतात. पोटबसला मात्र स्वतःचं घड्याळ असू शकतं. ब्रिजचा हा मोठा उपयोग आहे आणि तो प्रकरणात नीट सांगायला हवा. पोटबस म्हटलं की ती कमी प्रतीची, असं मुलांच्या मनात बसू नये. मंद कार्डं ब्रिजमागे ठेवली तर मूळबस जोरात राहते.

६ डिसेंबर

मॅडमनी मागितलेला पुरावा: मूळबस आणि पोटबस हा फरक आपण मानला म्हणून आहे, की मशीनलाही तो कळतो?

मशीनला कळतो. पोटबस शोधायची रीत अशी की शून्य क्रमांकाच्या बसवरचं प्रत्येक उपकरण तपासायचं, ब्रिज दिसला की त्याच्या मागे जायचं, तिथे पुन्हा तेच. या रीतीने भावंड मूळबस कधीच सापडत नाही, कारण शून्यावरून तिच्याकडे नेणारा पीसीआय ब्रिजच नाही. म्हणून जुन्या लिनक्समध्ये वेगळा भाग लिहावा लागला होता. झाडाच्या फांद्यांमध्ये न आलेले क्रमांक तो शेवटच्या बसपर्यंत एकेक करून ठोकून बघायचा आणि उत्तर आलं की "पीअर बस सापडली" अशा अर्थाची ओळ छापायचा. पुढे एसीपीआयने (बायोसने ऑपरेटिंग सिस्टिमला हार्डवेअरची माहिती देण्याची पद्धत) हे काम सोपं केलं. तिथे प्रत्येक होस्ट ब्रिज स्वतःची नोंद देतो आणि आपल्या पहिल्या बसचा क्रमांक सांगतो.

दोन्ही ब्रिजांचे वर्ग-संकेतही वेगळे आहेत, होस्ट ब्रिजचा ०६०० आणि पीसीआय-टू-पीसीआय ब्रिजचा ०६०४. मुलांना हीच चाचणी शिकवायची. आमच्या मशीनवर ०० बसवर होस्ट ब्रिज दोनदा दिसतो, एकाच चिपचे फंक्शन शून्य आणि एक. आधी मला ही छपाईची पुनरुक्ती वाटायची. ती दोन कालव्यांची दोन दारं आहेत.

एलएसपीसीआयला झाडाचा पर्याय दिला की डाव्या कडेला चौकटी कंसात जितके क्रमांक दिसतात तितक्या मूळबस. आतल्या बाजूला ब्रिजनंतर येतात त्या पोटबस. आज वर्गात सगळ्यांनी आपापल्या मशीनवर हे केलं. घरच्या साध्या संगणकावर कडेला एकच क्रमांक, सर्व्हरवर दोन.

१६ डिसेंबर

पीसीआय एक्सप्रेस. इथे आमचे शब्द टिकतात का याची धाकधूक होती.

एक्सप्रेसमध्ये समाईक तारा नाहीत. प्रत्येक स्लॉटला स्वतःची लिंक आहे, दोन टोकांमधली. काटेकोर बोलायचं तर ती बसच नाही. तरी सॉफ्टवेअर जुन्या क्रमांकपद्धतीनेच चालतं, म्हणून प्रत्येक रूट पोर्ट (लिंकचं प्रोसेसरकडचं टोक) ब्रिजसारखा दिसतो आणि त्याच्यामागच्या लिंकला बसचा क्रमांक मिळतो. झाडात पाहिलं तर स्लॉटातलं प्रत्येक कार्ड पोटबसवर. मग पोटबस म्हणजे वाटेकरी, हे आमचं सांगणं इथे खोटं पडतं!

दिवसभर यावर अडलो. शेवटी ठरलं ते असं: एक्सप्रेसच्या विभागात बस हा शब्द फक्त क्रमांकासाठी वापरायचा आणि वाटेसाठी लिंक. वाटणी कुठे होते ते शोधायचं तर स्विच शोधायचा. स्विचच्या वर एक लिंक, खाली अनेक, आणि खालच्या सगळ्यांना वरच्या एकीतूनच जायचं. कालवा आणि चारी पुन्हा हजर. प्रश्नही तोच राहतो: ही वाट थेट मुळातून निघते की दुसऱ्या वाटेतून फुटते?

१८ डिसेंबर

दोन सॉकेटचे, म्हणजे दोन प्रोसेसर बसणारे, नवे सर्व्हर. इंटेलच्या २०१२ च्या झिऑन ई५-२६०० पासून एक्सप्रेसच्या लेन (लिंक ज्यांची बनते त्या तारांच्या जोड्या) प्रोसेसरमध्येच आल्या, तेव्हा प्रत्येकात ४०. म्हणजे प्रत्येक प्रोसेसरची स्वतःची मूळं. दुसरं सॉकेट रिकामं असेल तर त्याच्या वाट्याचे स्लॉट मेलेले असतात. कार्ड बसतं, पण दिसत नाही. आमच्याकडे असं "खराब" म्हणून परत आणलेलं एक कार्ड मी स्वतः चांगलं चालताना पाहिलं आहे.

शिवाय एका प्रोसेसरच्या स्लॉटमधल्या कार्डाने दुसऱ्याच्या मेमरीत लिहायचं तर दोन प्रोसेसरांमधला दुवा ओलांडावा लागतो. इथे धरणंच दोन आहेत, मधे जोडकालवा. आप्पांना फोन करून सांगितलं. त्यांनी दोन्ही धरणांची पातळी एक आहे का विचारलं.

३ जानेवारी २०२५

प्रकरणाची पहिली दोन वाक्यं पुन्हा लिहिली:

"होस्ट ब्रिजमधून थेट निघते ती मूळबस, एखाद्या बसवरच्या ब्रिजमागे निघते ती पोटबस. दोन मूळबस एकमेकींची क्षमता खात नाहीत, पोटबस आपल्या वरच्या बसच्या क्षमतेतूनच घेते."

मॅडमनी दुसऱ्या वाक्यात दुरुस्ती सुचवली. दोन्ही मूळबस शेवटी एकाच मेमरीकडे जातात, तिथली मर्यादा दोघींना समाईक आहे. बरोबर आहे. "मेमरीपर्यंतच्या वाटेवर" हे शब्द घातले.

प्रयोगशाळेतल्या सर्व्हरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवली. चार छोट्या स्लॉटांसमोर "मूळबस, ३२ बिट, ३३", दोन लांब स्लॉटांसमोर "भावंड मूळबस, ६४ बिट, ६६, इथे ३३ चं कार्ड लावू नये". क्रमांक कुठेही लिहिला नाही. चार पोर्टांच्या कार्डावर लिहिलं, "पोटात ब्रिज आहे". ही शेवटची चिठ्ठी पहिल्या दिवशी प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थिनीने लिहिली.

बाकी काम: प्रकरणातल्या तीन आकृत्या, आणि पैठणच्या कालव्याची चौथी. ती आप्पा काढून देणार आहेत.